समुद्रातला थोरला

मोहनरावांच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस औषधालाही सापडला नसता, पण समुद्रात भर टाकून जमीन कशी करतात हे मात्र ज्याला त्याला ठाऊक होतं. हे पाप मोहनरावांचं. त्यांचा थोरला मुलगा अमरसिंह जपानात एका विमानतळावर कामाला होता आणि तो विमानतळ समुद्रात होता. समुद्राकाठी नव्हे, समुद्रातच. माणसांनी डोंगर फोडले, दगडमाती बोटींनी नेऊन पाण्यात ओतली, वर्षानुवर्षं ओतली, आणि पाण्याच्या वर आलेल्या त्या चौकोनी तुकड्यावर विमानं उतरवली. तिथून किनाऱ्याला यायला एक लांबलचक पूल. बॅगा वाहून नेणारे पट्टे बंद पडले की दुरुस्त करायचे, एवढंच अमरसिंहाचं काम. पण मोहनराव सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, विमानं हाच उडवतो आणि रिकाम्या वेळात समुद्रही हाच बुजवतो.

"मग त्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?" अजिनाथनं एकदा पारावर विचारलं होतं. अजिनाथ हा मोहनरावांचा चुलतभाऊ. गावात लग्न असो नाहीतर मयत, सगळ्यांच्या पुढं हाच.

"सरकारच्या."

"आन् आधी पाणी कुणाचं व्हतं?"

"आपल्या जमिनीवर पाणी आलं तवा कुणी इचारलं का बे, जमीन कुणाची व्हती म्हणून?" मोहनराव म्हणाले, आणि सगळे हसले. कारण ते गावच मुळी धरणात गेलेलं आणि वर माळावर आणून बसवलेलं. मोहनरावांच्या वडिलांची काळीभोर जमीन मांजरा धरणाच्या पाण्याखाली होती. एका पिढीची जमीन पाण्यात गेली आणि पुढच्या पिढीचा पोरगा पाण्यातून काढलेल्या जमिनीवर पोट भरायला गेला, याची मोहनरावांना मोठी गंमत वाटे. ती जमीन दरसाल थोडी थोडी खाली बसते, हेही अमरसिंहानं सांगितलं होतं; तेवढं मात्र मोहनराव गावात सांगत नसत.

घरी ओट्यावर आल्या-गेल्यालाही मोहनराव हेच सांगत, आणि अमरसिंहाची बायको तेजश्री ते आतून ऐकत असे. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला. "पुढच्या वर्षी तुला घेऊन जातो," असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि पुढचं वर्ष आलं की त्याच्याही पुढचं वर्ष दाखवायचा. जाताना त्यानं तिच्या मोबाईलवर एक नकाशा घालून दिला होता. त्यात जगातली सगळी विमानं पिवळ्या ठिपक्यांसारखी सरकताना दिसत. "हे बघ आमचं बेट. ह्या विमानाच्या बॅगा माझ्या पट्ट्यावरनं गेल्यात," असं तो सुरुवाती-सुरुवातीला फोनवर सांगायचा. पुढं त्यानं सांगणं सोडलं, पण तिनं पाहणं सोडलं नाही. दुपारची भांडी झाली की ती न्हाणीच्या दगडावर बसून त्या चौकोनी बेटावरून विमानं उठताना बघायची. त्यात प्रेम किती आणि सवय किती, हे तिलाही सांगता आलं नसतं.

गणपती उठले, सोयाबीन पिवळं पडायला लागलं, आणि एका सकाळी दाढी करता करता मोहनराव ओट्यावर आडवे झाले. केजला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

धाकट्यानं, शिवशंकरनं, भावाला फोन लावला. फोन लागला तेव्हा पलीकडून वाऱ्याचा नुसता घोंगाट ऐकू येत होता. अमरसिंह ओरडून बोलत होता. तुफान आलं होतं. एक जहाज वाऱ्यानं भरकटत येऊन पुलावर आदळलं होतं, धावपट्टीवर समुद्र चढला होता, आणि हजारो माणसं त्या बेटावर अडकून पडली होती. "आबाला ठेवा," तो रडत म्हणाला. "मी येतो. कसाबी येतो."

हे सगळं खरं होतं. टीव्हीवर दाखवत होते. शिवशंकरनं मोबाईलवर त्याचे व्हिडिओ काढून भावकीत फिरवले. विमानाच्या पोटाला लागलेलं पाणी बघून म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले. तेजश्रीनं नकाशा उघडला. बेट होतं, पण त्यावर एकही पिवळा ठिपका नव्हता.

तुळजाबाई, मोहनरावांची बायको, नवऱ्याच्या उशाशी बसल्या होत्या. त्या एकदाच बोलल्या. "थोरल्याशिवाय अग्नी न्हाई."

अजिनाथनं केजहून काचेच्या झाकणाची गार पेटी आणवली. तिला वीज लागते आणि वीज आपल्या मर्जीची, म्हणून मांडववाल्याचा जनरेटर अंगणात आणून लावला. त्याच्या धडधडीत रडणाऱ्या बायकांचे आवाज बुडून गेले आणि थोड्या वेळानं त्या रडायच्याही थांबल्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारून चहाची किटली यायची, तेजश्री कप भरायची, माणसं प्यायची. कप विसळताना तिला वाटलं, आपल्याला मामांसाठी रडायला पाहिजे. मोहनराव सासरे म्हणून चांगले होते. बाजारातून येताना तिच्यासाठी वेगळी पुडी आणत. पण रडू कुठं अडलं होतं कोण जाणे. अंगावर गोधडी ओढून घ्यावी तसं सगळं जाड आणि लांबचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरसिंहाचा शिवशंकरला फोन आला. "बंदच हाय. पूल तुटलाय. काही हालचाल न्हाई."

तेजश्री तेव्हा न्हाणीपाशी होती. शिवशंकरचा फोन झाला आणि तिनं सवयीनं नकाशा उघडला. बेटाच्या कडेवर एक पिवळा ठिपका होता. ती बघत राहिली. ठिपका सरकला, कडेवरून निघाला आणि समुद्रावर गेला. थोड्या वेळानं दुसरा. आताच चालू झालं असेल, तिनं मनाशी म्हटलं. त्याला अजून कळलं नसेल. आता कळेल, आता फोन येईल. फोन दुपारी आला, तोही शिवशंकरलाच. पुलाच्या दुरुस्तीला आठवडा लागेल, तोवर कुणालाच सोडत नाहीत. शिवशंकर अंगणात सगळ्यांना हे सांगत होता तेव्हा तेजश्रीच्या हातातल्या मोबाईलवर विमानं एकामागं एक उठत होती.

"काय वैनी, तुमाला काही बोलला का दादा?" शिवशंकरनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बंदच हाय म्हणं."

हे आपण का म्हणालो, ते तिला कळलं नाही. नवऱ्याला झाकायला म्हणावं, तर तसं काही तिच्या मनात नव्हतं. तोंडात दुसरं काही आलं नाही, इतकंच. पण बोलून बसल्यावर एक गोष्ट मात्र तिला लख्ख कळली: मधल्या खोलीत काचेखाली पडलेला माणूस ज्याची वाट बघतोय, तो येणार नाही, आणि हे या घरात फक्त तिला ठाऊक आहे. बोलावं तर म्हातारीच्या काळजाला हात घालायचा आणि आपलाही संसार चव्हाट्यावर मांडायचा. न बोलावं तर मेलेल्या माणसाला फुकट ताटकळत ठेवायचं.

अंगणात अजिनाथची चुळबूळ सुरू झालीच होती. "मड्याला किती तिष्ठत ठेवायचं? गावानं दोन दिस तोंडात घास घेतला न्हाई." हे शेवटचं काही तितकं खरं नव्हतं, पण मयताच्या अंगणात असं बोलायची पद्धत आहे.

तेजश्री गोठ्यामागं गेली आणि तिनं नवऱ्याला फोन लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. वाऱ्याचा आवाज आता नव्हता. मागं कुठंतरी भांड्यांचा आवाज होता, स्वयंपाकघरातल्यासारखा.

"विमानं उडायलेत," ती म्हणाली. "मला दिसायलेत."

तिनं वाट बघितली. म्हशीनं शेपटी उडवली, तिच्या लुगड्याला शेणाचा शिंतोडा आला, तो तिनं झटकला.

"तेजू, मी येणार न्हाई."

"कावून?"

"आलो की बाराव्या-तेराव्याला डोक्यावर फेटा बांधतील. आबाच्या जागी बसवतील. शेती, सोसायटी, भावकी. मग निघणं होत न्हाई. मला ठाऊक हाय ना आपल्या लोकांचं."

"मग शिवाभावजींना बसवा म्हणावं आबांच्या जागी. तुमी नुसते या आन् जा. बापाला अग्नी द्या आन् जा."

मग, गवंड्यानं एकेक वीट उतरवावी तसा एकेक शब्द खाली ठेवत तो म्हणाला, "मी हितं एकटा राहत न्हाई आता."

"कधीपासनं?"

"झालं दीड वरीस."

"बरं," तेजश्री म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला त्या 'बरं'चंच नवल वाटत राहिलं. भाजीवाला म्हणतो आज मेथी नाही, तेव्हा आपण असंच 'बरं' म्हणतो. तिनं स्वतःला चाचपून पाहिलं. राग यायला हवा होता, तो नव्हता. दुःख असेल म्हणावं, तर तेही हाताला लागेना. तोंडाला कोरड मात्र पडली होती, म्हणून ती रांजणापाशी जाऊन तांब्याभर पाणी प्याली.

मग ती मधल्या खोलीत गेली. दोन-तीन बायका भिंतीला टेकून पेंगत होत्या. तुळजाबाई पेटीच्या उशाशी तशाच बसल्या होत्या. काचेवर धरलेलं दव त्या अधूनमधून पदरानं पुसत. तेजश्री त्यांच्याजवळ खाली बसली.

"आत्याबाई, आता वाट नका बघू."

तुळजाबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. "पूल न्हाई झाला व्हय अजून?"

हीच ती वेळ होती. "न्हाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हातारीनं आणखी एक रात्र काढली असती, मग भावकीनं जोर करून उचललंच असतं. तेजश्रीनं सासूच्या हाताकडं पाहिलं. दव पुसून पुसून पदराचं टोक ओलं झालं होतं.

"विमानं चालू झाली," ती हळूच म्हणाली. "सकाळपासनं. त्येंनाच यायचं न्हाई."

तुळजाबाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी 'कावून' विचारलं नाही, 'तुला कुणी सांगितलं' विचारलं नाही. त्यांनी सुनेचं मनगट धरलं आणि ते इतकं घट्ट धरलं की बांगडी आत रुतली. मग त्यांनी तोंड दाराकडं केलं आणि जनरेटरच्याही वर आवाज काढला.

"शिवा! उचला रं. थोरल्याचा पूल आठ दिस न्हाई व्हायचा. तुज्या बापाला लई थंडी वाजायली."

आणि अंगणातली चुळबूळ एकदम थांबून माणसं कामाला लागली. शिवशंकरनं धरणाकडच्या पट्टीत बापाला अग्नी दिला. घरी जनरेटर बंद केला तेव्हा इतकी शांतता झाली की तेजश्रीच्या कानांत दडे बसले.

त्यानंतर सासू-सुनेत या गोष्टीवर अवाक्षर झालं नाही. पण थोरला आला नाही ही गोष्ट घरात कोंडून थोडीच राहते? भेटायला येणारा प्रत्येक जण विचारी, थोरला कसा आला नाही? तुळजाबाई तोंड फिरवून बसत. उत्तर देणं तेजश्रीच्या वाट्याला येई. ती सांगायची. पूल तुटलाय, पाणी शिरलंय. ऐकणाऱ्याचं तेवढ्यानं भागत नसे. "मग खातो काय? झोपतो कुठं?" बिस्किटं खातो, ती सांगायची. लाईट नाही, फरशीवर झोपतो. सांगता सांगता तिला ते दिसायलाही लागलं. अंधारात फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला, बापाच्या मातीला मुकलेला एक नवरा. त्या नवऱ्याचं तिला वाईट वाटे. खऱ्या नवऱ्याविषयी मात्र अजून काहीच वाटत नव्हतं.

अफवेला पाय फुटतात म्हणतात. हिला तर केजच्या अड्ड्यावर जीपच मिळाली. केजला पोचेपर्यंत अमरसिंह कंबरभर पाण्यात उभा होता. बीडला तो दोन दिवस सापडत नव्हता. बीडच्या पुढं त्याचं काय झालं, ते या घरात कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तेराव्याला मांडव पडला. दुखवटा काढायचा म्हणजे मुलांच्या सासरवाडीची माणसं आहेर घेऊन येतात. जावयाला नवे कपडे, टॉवेल-टोपी देतात, फेटा बांधतात, आणि मग घर सुतकातून बाहेर येतं. शिवशंकरच्या बायकोचं, धनश्रीचं, माहेर सकाळीच आलं. तेजश्रीचे वडील धर्मराज परळीहून आले. थर्मल वीजकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेला साधा माणूस. जावयाच्या पुलाची गोष्ट त्यांनी बातम्यांसारखी रोज फोनवर विचारली होती. त्यांनी भगवा फेटा आणला होता, शर्ट-पँटचं कापड आणलं होतं, आणि जावई नाही हे ठाऊक असूनही जावयाच्या पायांच्या मापाची चप्पलसुद्धा आणली होती.

आता हा फेटा बांधायचा कुणाला? यावर भावकी बसली. शिवशंकरला बांधावा, तर त्याच्या सासऱ्याचा फेटा त्याच्या डोक्यावर चढलेला. एका डोक्याला दोन घरचे फेटे कसे चालतील? आहेर परत न्यावा, तर दुखवटा अर्धा राहतो. शेवटी अजिनाथनं तोड काढली. बायको नसली की पुजेला सुपारी ठेवत्यात न्हाई का? मग नवरा नसला तर नारळ ठेवा. पाट मांडला. पाटावर तांदूळ, तांदळावर नारळ, नारळाला फेट्याचे वेढे, पुढं कपडे आणि चप्पल. शेजारी तेजश्रीला बसवलं. आणि अजिनाथला आणखी एक सुचलं. त्यानं शिवशंकरच्या मोबाईलवर अमरसिंहाला लावलं आणि मोबाईल तांब्याला टेकवून नारळाशेजारी उभा केला. "हां, आता झालं. लेकाला सगळं दिसतंय."

अमरसिंह दिसत होता. स्वच्छ दाढी केलेला, मागं पांढरी भिंत. मांडवातले लोक वाकून वाकून बघत होते. "झाला का रं पूल?" कुणीतरी ओरडलं.

"झाला की. कालच झाला," अमरसिंह म्हणाला.

"बिस्किटं खाऊन लई वाळला गड्या," दुसरा म्हणाला. बिस्किटांचं त्याला काय ठाऊक? तो नुसता हसला. तेजश्री मोबाईलकडं बघत नव्हती. तुळजाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या, त्याही बघत नव्हत्या. धर्मराजांनी फेट्याचा शेमला नीट केला, नारळापुढं हात जोडले आणि डोळे पुसले.

तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी जीप थांबली आणि वत्सलाबाईंना दोघांनी धरून उतरवलं. वत्सलाबाई म्हणजे मोहनरावांची लिंबागणेशची मावशी. वय नव्वदीला टेकलेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि कान तर केव्हाचेच गेलेले. मातीला येणं झालं नव्हतं म्हणून तेराव्याला आल्या होत्या. अमरसिंहाला लहानपणी त्यांनी मांडीवर न्हाऊ घातलेलं.

त्या आत आल्या आणि थबकल्या. समोर पाट, पाटावर फेटा बांधलेला नारळ, पुढं नवे कपडे, रिकामी चप्पल, शेजारी खाली मान घालून बसलेली अमरसिंहाची बायको. वत्सलाबाईंच्या काळात परमुलखात मेलेल्याचं मढं घरी येत नसे. त्याच्या नावाचा नारळ असाच फेटा बांधून मांडत आणि त्यापुढं रडून घेत. त्यात समुद्राच्या पाण्याचं, न सापडल्याचं लिंबागणेशपर्यंत आलेलंच होतं; घरच्यांच्या हातवाऱ्यांतून त्यांनाही कळलं होतं. म्हातारीनं दोन आणि दोन चार केले.

"अरं माज्या अमऱ्या रं!" तिनं हंबरडा फोडला. "बापामागं लगीच गेलास रं वाघा! पाण्यानं खाल्लं रं माजं लेकरू!"

सगळा मांडव हबकला. मग एकच गलका झाला. "ओ मावशे, जिता हाय तो!" "अगं म्हातारे, मोहनराव गेले, मोहनराव!" अजिनाथ तिच्या कानाशी जाऊन बोंबलला, पण तिला ऐकू येईल तर शपथ. तिनं पाटापुढं लोटांगण घातलं, चप्पल उचलून छातीशी धरली आणि रडायला लागली.

"आज्जे!" मोबाईलमधून अमरसिंह ओरडत होता. "आज्जे, मी हितं हाय! बघ की इकडं! अरे सांगा तिला, मी जिवंत हाय!"

तुळजाबाई उठल्या. लोकांना वाटलं, म्हातारीला आवरायला उठल्या. त्या पाटापाशी आल्या, तांब्याला टेकवलेला मोबाईल त्यांनी उचलला, लेकाच्या चेहऱ्याकडं क्षणभर बघितलं, आणि मोबाईल तांदळावर पालथा घातला. आतला आवाज बारीक झाला. मग त्या वत्सलाबाईंजवळ बसल्या, त्यांच्या गळ्यात हात टाकला आणि रडल्या. नवरा गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, उचलला तेव्हा रडल्या नव्हत्या. आता मात्र पोटातून आवाज काढून, थोरल्याचं नाव घेऊन, गावासमक्ष रडल्या.

"इहीणबाई," धर्मराज घाबरून म्हणाले, "आवो जावई सुखरूप हाय..."

तुळजाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. धर्मराजांनी लेकीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, ते होते तिथंच खाली बसले. इतक्या माणसांत एकदोघांना तरी समजलं असेलच. अजिनाथलासुद्धा, कारण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला पुढं काय करायचं ते सुचलं नाही.

वत्सलाबाई चाचपडत तेजश्रीकडं सरकल्या. त्यांचा सुरकुतलेला हात तिच्या गालावरून वर आला, कपाळावर थांबला. अशा वेळी थोरल्या बाईनं करायचं ते त्यांनी केलं. अंगठ्यानं तिचं कुंकू पुसलं.

बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. धनश्री आत पळाली आणि कुंकवाचा करंडा घेऊन धापा टाकत आली. "जाऊबाई, आधी लावा. जित्या नवऱ्याचं कुंकू असं... लावा लौकर!" तिनं चिमूट पुढं केली. तेजश्रीनं मान मागं घेतली नाही, पुढंही केली नाही. तिनं सासूकडं पाहिलं.

तुळजाबाईंनी डोळे पुसले. धनश्रीच्या हातातून करंडा घेतला आणि त्याचं झाकण लावलं.

"आत ठेव," त्या म्हणाल्या. "आमा दोघींना न्हाई लागत आता."

बाहेर पंगत बसायला लागली होती. पत्रावळ्या मांडल्याचा आवाज येत होता. तेजश्री पाटाजवळून उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून ती खांब धरून जराशी उभी राहिली. मग वडिलांजवळ गेली.

"आप्पा," ती म्हणाली, "जेवून निघू आपण."